दोनशे तासांचा सौदा

दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात लाल मिरचीचा लिलाव ज्यानं जवळून पाहिलाय, त्याला वरवरच्या रंगाची भुरळ सहसा पडत नाही. ढिगाच्या वरची मिरची व्यापारी बघतच नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, तळाची मूठ बाहेर काढतो, एखादी मिरची मोडतो, फटकी किती, ओल किती, देठ कसा हे पाहतो आणि मगच भाव बोलतो. शेतकऱ्यालाही त्यात अपमान वाटत नाही. माल असाच बघायचा असतो, हे दोघांनाही ठाऊक असतं.

काही वर्षांपूर्वी असाच एक शेतकरी दिवेलागणीला माझ्या घरी आला. त्याची मुलगी बारावी सायन्सला, माझ्या फिजिक्सच्या वर्गात होती. त्यानं पिशवीतून चार रंगीत माहितीपत्रकं काढून टेबलावर मांडली. प्रत्येकावर पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मागे निळंशार आकाश. म्हणाला, "सर, पोरीले पायलट व्हायचंय. तुम्ही बोट ठेवा, त्या शाळेत पैसे भरतो."

मी बोट ठेवलं नाही. त्यासाठी लागणारी माहिती तेव्हा माझ्याजवळ नव्हती. पण मिरचीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालणारा हा माणूस पन्नास लाखांच्या आसपासचा सौदा छापील कागदावर करायला निघाला होता, हे मला बोचलं. मी म्हटलं, "आप्पा, आधी ढीग बघून येऊ." मग आम्ही तिघं हिंडलो. धुळे झालं, शिरपूर झालं, पुढे लांबच्याही दोन-तीन शाळा झाल्या. विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं मी एका वहीत लिहीत गेलो. नंतर दुसऱ्यांच्या मुलांसाठी ती वही घरोघर फिरली, तिची पानं सुटी झाली. तीच वही आता नीट लावून पुस्तिकेच्या रूपात तुमच्या हाती देतोय.

खान्देशच्या माणसाला हा विषय परका वाटायचं खरं तर कारण नाही. गोंदूरच्या धावपट्टीवर, म्हणजे धुळ्याच्या वेशीवर, बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं शिकाऊ मुलांना घेऊन उडतात. 1928 साली स्थापन झालेला हा क्लब मूळचा मुंबईच्या जुहूचा. तिथंच उडायला शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. शिरपूरजवळ तांड्याच्या धावपट्टीवर उड्डाण प्रशिक्षण चालतं. 2021 साली विमानतळ प्राधिकरणानं प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव होतं. कापूस वेचताना डोक्यावरून जी छोटी विमानं घरघरत जातात, त्यांत बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचं एखादं पोर बसलेलं असतं. आपण मान वर करून बघतो आणि पुन्हा बोंडाला हात घालतो. त्या विमानात बसण्याचा रस्ता नेमका कुठून जातो, हे गावात विचारायला गेलं तर सांगणारं मात्र कोणी भेटत नाही.

तेव्हा मुळापासून सांगतो. फ्लाइंग स्कूल परवाना विकत नाही. परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देतं. शाळा विकते ते तास. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, सीपीएलला, एकूण 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान 100 तास विमानाची सगळी जबाबदारी स्वतः घेऊन उडवलेले असावे लागतात. किमान 300 सागरी मैलांची एक लांब फेरी करावी लागते, त्यात वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबायचं असतं. रात्रीची उड्डाणं लागतात, त्यात दहा वेळा उतरणं-चढणं. शिवाय ढगात बाहेरचं काही दिसत नसताना फक्त काट्यांच्या भरवशावर विमान चालवण्याचे तास वेगळे. लेखी पेपर आणि रेडिओची परीक्षा याखेरीज. पेपर घरी बसूनही अभ्यासता येतात, तास मात्र घरी मिळत नाहीत. म्हणून शाळेबद्दलचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एवढाच: माझ्या मुलीला महिन्याला किती तास मिळतील?

या प्रश्नाला "दीड वर्षात सगळं होऊन जातं" असं उत्तर आलं, तर कागद-पेन्सिल काढा. समजा, शाळेची पाच विमानं खरोखर उडतायत. प्रत्येक दिवसाला पाच तास, महिन्यात उडण्याजोगे 22 दिवस. म्हणजे महिन्याचे झाले 550 तास. वर्षात 200 तास संपवायचे तर एका मुलाला महिन्याला साधारण 17 तास हवेत. याचा अर्थ ही शाळा नीट सांभाळू शकते ती बत्तीस मुलं. तिनं ऐंशी घेतली असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सात तासही येत नाहीत, आणि 200 तास व्हायला जवळजवळ अडीच वर्षं जातात. हा हिशोब सातवीतलं पोर करील. पण विमानं किती, मुलं किती, हे दोन आकडे एकाच बैठकीत विचारणारा पालक मला फार कमी वेळा भेटला.

विमानं किती, यातही मेख आहे. माहितीपत्रकावर दहा विमानं असतात. हँगरमध्ये गेलं तर कळतं की एकाचं इंजिन काढून बाकड्यावर ठेवलंय, एक सुट्या भागाची वाट बघत महिनोन् महिने उभं आहे, एकाची शंभर तासांची तपासणी चालू आहे. तपासणीत काही वावगं नाही. उलट ज्या शाळेत विमान तपासणीला थांबतच नाही, तिथून उठून यावं. लहान विमानांच्या पुष्कळ इंजिनांना साधारण 2000 तासांनी पूर्ण उघडून नव्यानं बांधावं लागतं, तोपर्यंत ते विमान जागेवरच. हे व्हायचंच. आपल्याला फक्त इतकं कळायला हवं की आज, या घटकेला, उडण्याजोगी विमानं किती. इंधनाचंही विचारा. पेट्रोलवर चालणाऱ्या या इंजिनांना एव्हगॅस लागतं. ते वर्षानुवर्षं बाहेरून यायचं, 2022 साली इंडियन ऑइलनं देशात काढायला सुरुवात केली. टाकीत इंधन नाही म्हणून मुलं आठवडाभर बसून राहिल्याचं मी ऐकलंय.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट इथं सांगायलाच हवी. शाळेचं नाव घेत नाही. हुशार मुलगा, पेपर पहिल्या झटक्यात काढलेले. वडिलांनी शहरातला प्लॉट तारण ठेवून कर्ज काढलं. शेतजमिनीच्या तारणावर बँका सहसा मागं सरतात, तेव्हा जे होतं ते हेच. फीचा मोठा भाग शाळेनं पहिल्या सहा महिन्यांत घेतला. मग दोन इन्स्ट्रक्टर नोकरी लागून निघून गेले, पावसाळा आला, दोन विमानं उभी राहिली. तो महिनोन् महिने खोलीत बसून होता. दिवाळीला घरी आला की लोक विचारायचे, "झाला का पायलट?" आणि तो आतल्या खोलीत निघून जायचा. परवान्याच्या अर्जासाठी काही चाचण्या अलीकडच्या ठराविक मुदतीतल्याच चालतात. तासच पूर्ण होईनात म्हणून त्याच्या चाचण्या शिळ्या झाल्या, त्या पुन्हा द्याव्या लागल्या, त्या उड्डाणांचे पैसे वेगळे. सगळं संपायला साडेतीन वर्षं लागली. तो आज नोकरीत आहे, सुखी आहे. पण त्या साडेतीन वर्षांत त्याच्या आईचे केस पांढरे झालेले मी पाहिलेत. ही पुस्तिका मी त्या माउलीला समोर ठेवून लिहिलीय.

त्यातून शिकलेली गोष्ट अशी: फी किती यापेक्षा ती कधी द्यायची हे जास्त मोलाचं. तास होतील तसे पैसे देता येतात का? 50 तास झाले की पुढचा हप्ता, असं लेखी मिळतं का? मधे शाळा सोडली तर न उडलेल्या तासांचे पैसे परत मिळतात का? 200 तासांत काम झालं नाही आणि वाढीव तास लागले, तर त्यांचा दर काय? पाच लाखांनी स्वस्त पण सगळे पैसे आधी मागणारी शाळा मला महाग वाटते.

आता कुंपणाचं. शाळा बघायला जाताना फोन करून, वेळ ठरवून जाऊ नका. निदान पहिल्यांदा तरी नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी सकाळी सातच्या आधी धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहा. आम्ही दोंडाईच्याहून पहाटे निघून चिमठाण्यामार्गे गोंदूरला पोचलो, तेव्हा अंगावर शाल होती. मुलीनं वहीवर रकाने आखले. प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ व्हीटीनं सुरू होणारी अक्षरं असतात, ती भारताच्या विमानांची खूण. ती अक्षरं लिहायची, उडालं ती वेळ लिहायची, उतरलं ती वेळ लिहायची. एक विमान पट्टीला वळसा घालत पुन्हा पुन्हा येत होतं. चाकं टेकायची, इंजिनाचा आवाज वाढायचा, की पुन्हा वर. याला सर्किट म्हणतात. पहिले कित्येक तास मुलं हेच करतात. तिसऱ्या वेळेला ते जरा उडी घेऊन टेकलं, पाचव्याला अगदी अलगद. आप्पा म्हणाले, "शिकी राह्यनं." त्या माणसानं विमानात कधी पाय ठेवला नव्हता, पण शिकणारा हात त्यानं बरोबर ओळखला. दोन सकाळी असं मोजलं की कुठल्याही शाळेचा खरा ढीग दिसतो.

मग आत जा आणि मुलांशी बोला. ऑफिसात नव्हे, चहाच्या टपरीवर. त्यांना "शाळा कशी आहे?" असं विचारू नका, चांगलीच म्हणतील. "गेल्या महिन्यात तू किती तास उडालास?" असं विचारा. आपल्या अहिराणीत विचारलं तरी चालेल, खान्देशचं एखादं पोर भेटतंच. उत्तर देताना तो क्षणभर थांबला तर ते थांबणंही वहीत लिहा.

इन्स्ट्रक्टरांबद्दल मी जरा जास्त लिहिलंय, कारण शिक्षक म्हणून ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शाळेत सीएफआय, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, असतो. त्याच्या हाताखाली अनुभवी प्रशिक्षक आणि नवे असिस्टंट. मुलाला पहिल्यांदा एकट्यानं, सोलो, सोडायचा अधिकार असिस्टंटला नसतो, त्यासाठी अनुभवी माणूस लागतो. असा माणूस एकच असेल आणि तो रजेवर गेला, तर सोलोला तयार झालेली मुलं रांगेत बसून राहतात आणि कमावलेला हात गमावतात. म्हणून किती प्रशिक्षक आहेत याच्यासोबत ते किती वर्षं इथं टिकलेत हे विचारा. आणखी एक: उड्डाणानंतर तो मुलाशी किती वेळ बोलतो? विमानातून उतरल्या उतरल्या दुसऱ्या मुलाला घेऊन वर जाणारा प्रशिक्षक तास भरतो, शिकवत नाही. पंधरा मिनिटं फळ्यापाशी उभं राहून "वळताना तुझा वेग का पडला?" एवढं समजावणारा मिळाला, तर दोन-चार लाख जास्त द्यावेत.

आमच्या भागाचं हवामान हे या धंद्यातलं मोठं भांडवल आहे. कोकणासारखा पाऊस नाही, आणि दिवाळीपासून पुढे आकाश महिनोन् महिने मोकळं. पण एप्रिल-मेमध्ये जळगाव-धुळ्याचा पारा 44-45 अंशांवर जातो आणि तिथं फिजिक्स सुरू होतं. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, पंख्याची पकड सैल होते. सकाळी ज्या अंतरात विमान सहज जमीन सोडतं, दुपारी त्याला त्याहून बरीच जास्त धाव लागते. काळ्या रानावरून तापून वर उठणारी हवा लहान विमानाला खडबडीत रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं हलवते. शहाणी शाळा अशा दिवसांत पहाटे उडते, दुपारी वर्ग घेते. भर दुपारी नवख्याला एकट्यानं सोडणारी शाळा तास वाढवत असेल, पण तिथं मी माझं पोर घालणार नाही.

कारण हे काम जिवाशी आहे. 16 जुलै 2021 रोजी चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या वर्डी शिवारात, एक प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. आसपासच्या आदिवासी बायाबापड्या धावत गेल्या. एका बाईनं अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी करून त्या मुलीला डोंगरातून खाली आणलं गेलं. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली, आणि डीजीसीएनं त्या संस्थेचं उड्डाण थांबवलं. हे मी घाबरवायला सांगत नाही. मुलांना उडू द्यावं अशाच मताचा मी आहे. पण शाळेत जाऊन "तुमच्याकडे अपघात झालाय का?" एवढंच विचारून गप्प बसू नका. झाला असेल तर त्यानंतर काय बदललं, ते विचारा. मुलानं येऊन "सर, उतरताना माझी चूक झाली" असं सांगितलं तर त्याला दंड होतो की त्याचं ऐकून घेतलं जातं, ते मुलांना विचारा. जिथं चूक लपवावी लागते, तिथं ती पुढच्या उड्डाणात पुन्हा बसलेली असते.

लपवण्यावरून आठवलं. या क्षेत्रात "पार्कर पेनाचे तास" असा एक शब्दप्रयोग आहे. विमान जमिनीवरच, तास मात्र पेनानं लॉगबुकात. 2011 साली खोट्या गुणपत्रिका आणि न उडलेल्या तासांची प्रकरणं देशभर उघडकीस आली. परवाने गेले, अटका झाल्या. कुणी तुमच्या मुलाला "लवकर करून देतो" म्हणालं तर त्याला नमस्कार करून निघा. बोगस तासांचा हिशोब एखाद्या वादळी रात्री विमानातल्या दीडशे-दोनशे माणसांना चुकता करावा लागतो.

पैसे भरण्याआधीची एक पायरी पुस्तिकेत मी पहिल्या पानावर ठेवलीय: वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, मग क्लास वन. क्लास वन हाती आल्याशिवाय एक रुपयाही कुठं भरू नका. रंग ओळखण्यातला दोष कित्येकांना बारावीपर्यंत कळलेलाच नसतो. लाल-हिरवा नीट न ओळखणाऱ्या मुलाला पिकलेली मिरची इतरांच्या मदतीनं तोडत आल्याचंही भान नसतं. तो दोष फी भरल्यावर कळला तर दुःख दुप्पट होतं. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात. कॉमर्सला गेलेली मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून करतात.

इंग्रजीची भीती मराठी शाळेतल्या मुलांना फार. माझं निरीक्षण असं, की रेडिओवरचं इंग्रजी हे कादंबरीचं इंग्रजी नव्हे. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम, ऐकलं ते तसंच परत म्हणून दाखवायचं. आप्पांची मुलगी मिरचीच्या पथारीवर आईसोबत मिरची पालथी करताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणत बसायची. आठवड्यात आईलाही पाठ झालं. मुलींबद्दल स्वतंत्र प्रकरण मी लिहिलं नाही. भारतातल्या वैमानिकांत सुमारे पंधरा टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी संपूर्ण महिला चमूचं विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं. मुलीला जमेल का, हा प्रश्न तेव्हाच सुटलाय. वसतिगृह धावपट्टीपासून किती लांब आणि पहाटे पाचला तिथून न्यायला गाडी येते का, एवढं मात्र बघा.

बाकीच्या वाटा मी पुस्तिकेत थोडक्यात दिल्यात. रायबरेलीजवळ फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी केंद्र सरकारची आहे, तिला प्रवेश परीक्षा असते. हुशार मुलानं ती द्यावीच. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीला आणि बारामतीला शाळा आहेत. परदेशात तास लवकर होतात, पण परत येऊन इथले पेपर आणि चाचण्या देऊन परवाना बदलून घ्यावा लागतो, तो खर्च आणि काळ आधीच धरावा. 2025 पासून डीजीसीए प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावतं. पहिल्या खेपेला सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, यावरून कसून बघण्याची गरज ध्यानात यावी. क्रमवारी बघा, पण कुंपणाचा फेरा चुकवू नका.

नोकरीचं सांगतो. 2023 साली इंडिगोनं 500 आणि एअर इंडियानं 470 विमानांची मागणी नोंदवली, हे आकडे प्रत्येक माहितीपत्रकावर ठळक असतात. ते खरेच आहेत. पण सीपीएल हातात आलं की दुसऱ्या दिवशी एअरलाइन बोलावते असं नाही. मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं करावं लागतं, त्याचे काही लाख वेगळे, आणि जाहिरात कधी निघेल ते आपल्या हाती नसतं. दोन वर्षं पगाराविना निघतील असं धरून कर्ज काढा. "शंभर टक्के नोकरी" लिहून देणाऱ्याला विचारा, गेल्या वर्षी तुमच्याकडून सीपीएल घेतलेली मुलं आज कुठे आहेत? आणि त्यातल्या पाच जणांशी फोनवर बोला.

पुस्तिकेच्या शेवटी कोरी रकान्यांची पानं जोडलीत. ती आप्पांच्या वहीवरून घेतली. मिरचीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या बाजूनं त्यांनी मुलीच्या तासांचं खातं घातलं होतं. रोज रात्री फोन व्हायचा, "आज कितला?" आणि आकडा लिहिला जायचा. एका महिन्यात ओळीनं नऊ शून्यं आली. दहाव्या दिवशी आप्पा वही घेऊन थेट शाळेत गेले आणि मुख्य प्रशिक्षकासमोर ते पान उघडून ठेवलं. आवाज चढवला नाही. त्या गृहस्थांनी पान पाहिलं, बोर्डवरचं दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पाहिलं आणि मुलीचं नाव सकाळी साडेसहाच्या विमानापुढे लिहिलं. त्या तारखेची नोंद वहीत अशी आहे: 1 तास 10 मिनिटं. शेजारी मिरचीचा भाव लिहायच्या रकान्यात आप्पांच्या अक्षरात, "एकटी उडाली."